अम्मीची शेवंती आणि गल्लीतला दिवा

उर्दूत शेवंतीला गुल-ए-दाऊदी म्हणतात, हे मी बी.एड.ला असताना एकदा अम्मीला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. ती कुंडीतलं गवत उपटत होती. मान वर न करता म्हणाली, "नाम कुछ बी रख, पानी टैमपे दे."

आमच्या अंगणात शेवंतीच्या सात कुंड्या होत्या. कुंड्या कसल्या, चार तेलाचे पत्र्याचे डबे, दोन फुटक्या बादल्या आणि एक खरी मातीची कुंडी. फुलं बारीक, पिवळी. बाजारात राजा, झिपरी, रेवडी अशी शेवंतीची बरीच नावं ऐकायला मिळतात. आमची कुठली ते अम्मीला माहीत नव्हतं आणि मलाही नाही. शेजारच्या काकूंनी माझ्या लहानपणी दिलेल्या काश्यांपासून ती वाढली, एवढंच माहीत. काश्या म्हणजे शेवंतीच्या बुडाशी जमिनीतून फुटणारे कोवळे फुटवे. मुळासकट अलगद काढून लावले की त्यांचं नवं झाड होतं. दर दसऱ्याला लवकर उमललेली पहिली ओंजळ काकूंच्या घरी जायची आणि तिकडून आपट्याची पानं यायची.

अम्मीचं बागेचं कॅलेंडर ठरलेलं होतं. फुलं संपली की झाड जमिनीपासून वीतभर ठेवून छाटायचं. उन्हाळ्यात ते अर्ध्या सावलीत जगवायचं. पाऊस सुरू झाला की काश्या वेगळ्या करून नव्या मातीत लावायच्या. मातीत कुजलेलं शेणखत, थोडी वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात आणि जितक्या फांद्या तितकी फुलं. गणपती आले की खुडणं बंद. पाणी बुडाशी घालायचं, पानांवर नाही, आणि डब्यात साचू द्यायचं नाही, कारण शेवंतीची मुळं लवकर कुजतात. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला की ती बोटांनीच पुसून काढायची.

रमजान, ईद, मोहरम तिला तोंडपाठ होते, पण झाडांचा हिशेब ती गणपती, दसरा, दिवाळीवर ठेवायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "चांदपे झाडां नई चलते." खरंच आहे. आपलं हिजरी वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतं, ईद सगळ्या ऋतूंतून फिरून येते. शेवंती मात्र सूर्याची.

तिचा आणखी एक नियम होता, त्यावरून आम्ही तिची चेष्टा करायचो. गणपतीपासून दिवाळीपर्यंत मगरिबनंतर अंगणातला बल्ब लावायचा नाही. कुणी लावला की आतून आवाज यायचा, "बत्ती बंद कर, झाडांकू सोने दे." लाइट बिल वाचवायचं हे निमित्त आहे, असं आम्ही भावंडं समजत होतो.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत अम्मी गेली. तेव्हा डब्यांत शेवटची फुलं वाळत होती.

त्या पावसाळ्यात काश्या मी लावल्या, पहिल्यांदाच एकटीने. शेंडे खुडले, माती बदलली, सगळं तिच्यासारखं केलं. मनात एकच होतं की पहिली फुलं अम्मीच्या कबरीवर जावीत. आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. म्हणजे फुलं न्यायची ती धाकट्या भावाने. त्याने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "आपा, कबरपे फूल नई डालते. मैं नई ले जाऊंगा."

मी चिडले. मी त्याला सहीह बुखारीतली हदीस सांगितली. दोन कबरींजवळून जाताना पैगंबरांनी खजुराची हिरवी फांदी दुभंगून एकेका कबरीवर रोवली, ती ओली आहे तोवर त्यांची शिक्षा हलकी होईल या आशेने. त्याला ती हदीस माहीत होती. ते खास पैगंबरांपुरतं होतं, असं बरेच आलिम मानतात, हे त्याने मला सांगितलं. हा मतभेद जुना आहे आणि आमच्या अंगणात तो मिटणार नव्हता. दोन आठवडे आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो.

मग ऑगस्टच्या शेवटी एका शुक्रवारी तो स्वतःच आला आणि म्हणाला, "फूल नई. झाड दे." मी एका बादलीतलं रोप मातीच्या गोळ्यासकट काढून दिलं. त्याने ते कबरीच्या पायथ्याशी लावलं, शेळ्यांसाठी भोवती बाभळीची काटेरी फांदी ठेवली. तिथल्या रखवालदाराला पाणी घालायला सांगितलं.

दसरा गेला, दिवाळी आली. घरच्या सहा डब्यांत झाडं कमरेपर्यंत वाढली, हिरवीगार, पण एक कळी नाही. काकू कुंपणापाशी येऊन बघून जायच्या, काही बोलायच्या नाहीत. मला वाटलं, माझा हातच वाईट. अम्मीने तीस वर्षं जपलं ते मी एका हंगामात घालवलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी भाऊ नमाजनंतर कब्रस्तानात जाऊन आला. त्याने मोबाईल पुढे केला. फोटोत त्याच्या हाताची सावली पडली होती आणि त्या सावलीत पिवळी फुलं, डझनभर तरी असतील. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "आपा, मैं फूल नई डाला. वो खुद खिले."

त्या रात्री मी अंगणात येऊन उभी राहिले. तीच माती, त्याच काश्या. मग तिथे उमलली आणि इथे नाही, असं का? आणि मी अंगणात उभी होते तर मला माझ्या हातावरच्या रेषा दिसत होत्या. जूनमध्ये आमच्या भिंतीसमोरच्या खांबावर एलईडी दिवा बसला होता. गल्लीतल्या मुली क्लासवरून रात्री परततात म्हणून आम्हीच अर्ज केला होता, त्यावर माझीही सही होती. कब्रस्तानात दिवा नाही.

मग वाचत बसले. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अलार्ड या शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून दाखवलं की कित्येक झाडं केव्हा फुलायचं हे दिवसाच्या लांबीवरून ठरवतात. पुढे १९३८ मध्ये एका तणावरच्या प्रयोगातून कळलं की झाड खरं तर दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. मधेच उजेड दाखवला तर रात्र मोडते. शेवंती याच जातकुळीतली. महाराष्ट्रात जूनमधला सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान अकराचा, एवढाच काय तो फरक. तरी झाड तो ओळखतं. फुलांचे व्यापारी शेतकरी याचाच उपयोग करतात. फुलं लांबवायची असतील तर रात्री दिवे लावतात, लवकर हवी असतील तर काळं कापड टाकतात.

काळं कापड म्हटल्यावर मला अम्मीचा जुना बुरखा आठवला. तो कुणाला देववत नव्हता आणि वापरातही येत नव्हता. काठ्या रोवून मी तो तीन डब्यांवर तंबूसारखा टाकायला लागले. मगरिबला टाकायचा, सकाळी शाळेला निघताना काढायचा. उरलेले तीन डबे मुद्दाम उघडे ठेवले. वर्गातल्या मुलांना सांगितलं, त्यांनी वह्यांत तारखा लिहिल्या. महिन्याभरात झाकलेल्या झाडांवर मुगाएवढ्या कळ्या दिसल्या. जानेवारीच्या शेवटी, सगळीकडचा हंगाम उलटल्यावर, ती तिन्ही झाडं पिवळी झाली. उघड्या झाडांवर मोजून चार कळ्या आल्या.

अम्मीने यातलं काही वाचलं नव्हतं. ती चौथीपर्यंत शिकली होती. कधीतरी बल्ब जळत राहिलेल्या वर्षी फुलं उशिरा आलेली तिने पाहिली असतील आणि लक्षात ठेवली असतील. मला ती "झाडांकू सोने दे" एवढंच सांगत राहिली आणि मी लाइट बिलाचा हिशेब करत राहिले.

दिवा काढा असं मी कुणाला म्हणणार नाही. मुलींना तो हवाच. यंदा गणपतीच्या आदल्या दिवशी काकूंच्या मुलाने आणि माझ्या भावाने सहाही डबे उचलून काकूंच्या परसात नेले. तिथे उजेड पोहोचत नाही. काकूंनी न्हाणीघराचा बल्बही काढून ठेवला. दसऱ्याच्या सकाळी पहिली फुलं त्यांनीच खुडली. अर्धी देवापुढे ठेवली आणि अर्धी पदरात घेऊन कुंपणापाशी आल्या. "तुझ्या आईची आहेत," म्हणाल्या.

ती मी पाण्याच्या वाटीत घालून अम्मीच्या पलंगाशेजारी ठेवली. कब्रस्तानातलं झाड भाऊच छाटतो. या पावसाळ्यात त्याच्या काश्या वेगळ्या करून त्याने शेजारच्या कबरीपाशीही एक लावली. ती कुणाची, हे त्याला ठाऊक नाही.