भुरी

खुडूक कोंबडी अंड्यांवर एकवीस दिवस बसते, पण तिच्याखालची सगळी अंडी एकाच वेळी फुटत नाहीत. पहिलं पिल्लू बाहेर आल्यापासून शेवटचं अंडं फुटेपर्यंत कधी कधी दीड-दोन दिवस जातात. तोवर आधीची पिल्लं इकडंतिकडं धावू लागलेली असतात. त्यांच्यामागं जायचं की उरलेल्या अंड्यांवर बसून राहायचं, हे कोंबडीला ठरवावं लागतं. बहुतेक कोंबड्या उठतात. पाटण तालुक्यातल्या एका घरी ऐन श्रावणात कोंबडी अशीच उठली आणि पाटीत मागं राहिलं ते अर्धवट टोचलेलं एक अंडं. त्यात भुरी होती.

घरातल्या आजीनं अंडं हातात घेतलं, तेव्हा आतून अगदी क्षीण आवाज येत होता. चोचीच्या टोकावरच्या ज्या टणक कणानं पिल्लू कवच फोडतं तो भोकातून दिसत होता, पण पुढं फोडायचं बळ सरलं होतं. आजीनं कवच सोललं नाही. आतल्या पापुद्र्यात रक्त असतं, ते पिल्लाच्या अंगात जिरायच्या आधी ओढाओढ केली तर पिल्लू दगावतं. तिनं अंडं कोमट, ओलसर फडक्यात गुंडाळून चुलीपासून हातभर अंतरावर ठेवलं. दुपार कलता कलता पिल्लू आपलं आपणच बाहेर पडलं आणि मान टाकून पडून राहिलं.

खरी काळजी पुढं होती. पिल्लू काही खाईना. तिसरीतली नात तांदळाची कणी घेऊन त्याच्यापुढं बसली होती.

"आजी, ही चोचच उघडंना. मी उघडू का?"

"नको गं बाई. आधी ऊब लागू दे तिला. गारठलेल्या पोटात दाणा नुसता पडून राहतो."

आजीचं म्हणणं कुठलाही पशुवैद्य मान्य करील. पहिल्या काही दिवसांत पिल्लाला स्वतःच्या अंगाची उष्णता राखता येत नाही, म्हणून पहिल्या आठवड्यात त्याच्याभोवती ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. पुढं दर आठवड्याला ती दोन-तीन अंशांनी उतरवायची. गारठलेलं पिल्लू धड हालचाल करत नाही, त्याचं पचन मंदावतं आणि समोर कितीही ठेवलं तरी ते टोचत नाही. पाहणाऱ्याला वाटतं, पिल्लू हट्टानं उपाशी राहतंय.

शिवाय पहिला दिवस उपाशी गेला म्हणून पिल्लू मरत नाही. बाहेर पडण्याआधी उरलेला पिवळा बलक ते पोटात ओढून घेतं आणि त्या शिदोरीवर दोन-तीन दिवस निघतात. आधी फुटलेल्या पिल्लांना भावंडांसाठी थांबता यावं, म्हणून झालेली ही सोय. अमेरिकेत १९१८ पासून एक दिवसाची पिल्लं टपालानं पाठवली जातात आणि आपल्याकडं ती भोकं पाडलेल्या खोक्यांतून गावोगाव पोचतात, ती याच बलकाच्या भरवशावर. पण पिल्लू अशक्त असेल तर ही शिदोरी लवकर संपते. आजीनं म्हणूनच रात्रीपर्यंत वाट पाहिली, त्यापुढं नाही.

पुठ्ठ्याच्या खोक्यात गोणपाट अंथरलं गेलं. वर्तमानपत्र अंथरायला निघालेल्या सुनेला आजीनं थांबवलं, कारण गुळगुळीत कागदावर पिल्लाचे पाय फाकतात आणि फाकलेले पाय वेळीच जवळ बांधले नाहीत तर ते कायमचं लंगडं होतं. खोक्याच्या एका कोपऱ्यावर दिवा सोडला. नेमक्या एकाच कोपऱ्यावर, म्हणजे गरम झालं की पिल्लाला बाजूला सरकता येतं. पिल्लू दिव्याखाली अंग चोरून ओरडत असेल तर त्याला थंडी वाजतेय, चोच उघडी टाकून लांब बसलं तर उकडतंय. रात्री वीज गेली तेव्हा गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली गेली.

मग पाणी. कोमट पाण्यात गुळाचा बारीक खडा विरघळवून त्यात फक्त चोचीचं टोक बुडवायचं, नाकपुड्यांपर्यंत पाणी जाऊ द्यायचं नाही. तेही जमलं नाही, तर बोटावरचा एक थेंब चोचीच्या कडेला लावायचा आणि पिल्लाला आपलं आपण गिळू द्यायचं. नातीच्या बापानं औषधाचा ड्रॉपर आणला होता, तो आजीनं बाजूला ठेवायला लावला. पिल्लाच्या जिभेमागंच श्वासनलिकेचं तोंड असतं. घशात जोरानं सोडलेलं पाणी तिथून फुप्फुसात जातं, आणि जी पिल्लं उपासानं मेली नसती ती अशा मायेनं मरतात. भुरीनं पहिला थेंब गिळला, मान वर केली, आणि थोड्या वेळानं स्वतःच बोटाकडं वळली.

खाणं मात्र तिला अजूनही कळत नव्हतं. टोचणं पिल्लाला उपजत येतं. डग्लस स्पाल्डिंग या इंग्रज निसर्ग-अभ्यासकानं याची परीक्षा घेतली होती. अंड्यातून निघता निघताच त्यानं पिल्लांच्या डोळ्यांवर टोप्या चढवल्या आणि एक ते तीन दिवसांनी काढल्या. पिल्लांनी थोड्याच वेळात फिरत्या किड्यांवर अचूक चोच मारली. १८७३ साली त्यानं हे प्रसिद्ध केलं. नेम उपजत असतो, पण कशावर नेम धरायचा ते कोंबडी दाखवते. ती दाणा चोचीत धरते, खाली टाकते, पुन्हा उचलते आणि सारखी कुकुकुक करत राहते. ज्याला आई नाही त्याला वाळूचा खडा आणि कणी सारखीच.

नातीला हे काम मिळालं आणि तिनं ते मनापासून केलं. उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून तिनं पसरला आणि नखानं त्यात टकटक करत राहिली. भुरी आधी नखालाच टोचू लागली. मग आजीनं त्याच घरट्यातलं एक धट्टंकट्टं पिल्लू तिच्या सोबतीला सोडलं. ते भराभर टोचू लागताच भुरीही टोचू लागली. उपाय म्हणून हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत जास्त विसरला जाणारा: मलूल पिल्लाला एकटं ठेवू नये. सोबती दांडगाई करत नाही ना, एवढंच पाहायचं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मलूल झाली. आजीनं तिला उलटं करून पाहिलं. विष्ठा वाळून शेपटीखालची वाट बंद झाली होती. ती ओढून काढली तर कातडी सोलते, म्हणून कोमट पाण्याच्या बोळ्यानं भिजवून भिजवून सोडवली. त्यानंतर भुरीनं मागं पाहिलं नाही. अंधार पडल्यावर दोन्ही पिल्लं हळूच कोंबडीच्या पंखांखाली सरकवली. दिवसा परकं वाटून तिनं टोचून काढलं असतं, अंधारात मुकाट घेतलं.

भुरी इतरांपेक्षा लहानखुरी राहिली. रंग राखाडी, एका पायाचं बोट वाकडं. तलंग झाली तरी ओटीवर येऊन नातीच्या दप्तरावर बसायची तिची सवय सुटली नाही. घार आली की बाकीच्या कोंबड्या निरगुडीच्या जाळीत शिरत, ही थेट स्वयंपाकघरात. सातव्या महिन्यात पहिलं अंडं दिलं, तेही तांदळाच्या रिकाम्या कणगीत. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, पोल्ट्रीतली तीनशेच्या वर. भुरीनं साठही कधी गाठली नसतील. पण खुडूक बसावं तिनंच. तिनं काढलेली पिल्लं पावसाळ्यातही टिकत. जत्रेला पाहुणे आले की कोंबडे कापले जात, तिच्याकडं कुणी पाहत नसे.

सगळीच पिल्लं अशी वाचत नाहीत. पुढच्या पावसात त्याच घरी एक पिल्लू बेंबी सुजलेलं निघालं. बलक पोटात जिरलाच नव्हता आणि आत जंतू शिरले होते. ऊब, गूळपाणी, सोबत, सगळं देऊनही ते गेलं. अशा पिल्लाला तोंड उघडून भरवत बसणं म्हणजे त्याचा छळ आहे.

आणि हातानं वाचवलेलं पिल्लूसुद्धा मानमोडीपुढं टिकत नाही. कुमाऊँमधल्या राणीखेतचं नाव पडलेला हा रोग एका आठवड्यात गावातली खुराडी रिकामी करतो, आणि एकदा लागला की त्याला औषध नाही. भुरी म्हातारी होऊन मेली, कारण पहिल्याच आठवड्यात तिच्या डोळ्यात लासोटा लसीचा थेंब पडला होता आणि दोन महिन्यांच्या आत पुढची लसही टोचली होती. लसीच्या एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांचे डोस असतात. घरात दहाच कोंबड्या म्हणून माणसं ती आणत नाहीत. वाडीतल्या घरांनी मिळून एक कुपी आणावी, बर्फात ठेवून आणावी आणि कालवल्यावर दोन तासांच्या आत संपवावी.