चांदणं कुणाच्या मनात

त्या यंत्राने नुसता नंबर देऊन गप्प का बसावं, हे मला अजून उलगडलेलं नाही. चोर कोण आणि साव कोण, हे सांगायला त्याला काय हरकत होती? न्यूयॉर्कमधला प्रत्येक कॅमेरा त्याचा डोळा, प्रत्येक फोन त्याचा कान. सगळं कळत असताना ते फक्त नऊ आकडे देतं. ज्याचे ते आकडे आहेत तो माणूस लवकरच कुणाचा तरी जीव घेणार आहे, किंवा कुणीतरी त्याचा घेणार आहे. दोन्हींपैकी काय, ते तुमचं तुम्ही शोधा.

‘पर्सन ऑफ इंटरेस्ट’ ही मालिका अमेरिकेत सीबीएसवर २०११ च्या सप्टेंबरात सुरू झाली आणि २०१६ च्या जूनमध्ये संपली. पाच पर्वं, १०३ भाग. कल्पना जोनाथन नोलन यांची. स्नोडेनने अमेरिकी सरकारची टेहळणी जगापुढे मांडली ती २०१३ मध्ये, म्हणजे मालिका सुरू झाल्यानंतर. मालिकेत ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर हॅरल्ड फिंच सरकारसाठी एक यंत्र बांधतो, ते पुढचा हल्ला आधीच ओळखण्यासाठी. पण त्या यंत्राला साधेसुधे खूनही दिसू लागतात. नवऱ्याने बायकोचा केलेला, भागीदाराने भागीदाराचा केलेला. सरकारला त्यात रस नाही, म्हणून ती दुसरी यादी रोज मध्यरात्री पुसली जाते. पुसल्या जाणाऱ्या त्या यादीतली माणसं वाचवायला फिंच निघतो, सीआयएतून बाहेर पडलेल्या जॉन रीसला सोबत घेऊन. रस्त्यावरचा सार्वजनिक फोन वाजतो, पलीकडून तुटक शब्द येतात. त्या शब्दांवरून फिंच एका ओसाड ग्रंथालयातली पुस्तकं काढतो आणि पुस्तकांच्या वर्गीकरणाच्या आकड्यांतून नंबर जुळवतो.

पहिल्याच भागात नंबर येतो तो एका सरकारी वकील बाईचा. आपण तिच्या जिवासाठी धास्तावतो, रीसही धास्तावतो. तो तिच्या मागे फिरतो, तिचं बोलणं ऐकतो, तिच्यावर पाळत ठेवणाऱ्यांवर पाळत ठेवतो. आणि शेवटी कळतं की भ्रष्ट पोलिसांच्या टोळीची सूत्रं तिच्याच हातात आहेत. मला ही सुरुवात फार आवडते. यंत्राने आधीच ‘ही गुन्हेगार’ असं सांगितलं असतं, तर रीस तिच्याकडे त्याच नजरेने बघत राहिला असता. माहीत नसल्यामुळे त्याला प्रत्येकाकडे दोन्ही शक्यता धरून बघावं लागतं. या न कळण्यातच माणुसकी आहे, असं मी बरेच दिवस धरून चालले होते.

इथे मला ती म्हण आठवते आणि मग सुटत नाही. चोराच्या मनात चांदणं. चोर अमावास्या बघून निघतो. चांदणं पडलं की त्याला वाटतं, सगळा गाव आपल्यालाच बघतोय. चांदणं सगळ्यांवर सारखंच पडतं. रात्री वीज आली म्हणून पाणी द्यायला शेतात निघालेल्यावर पडतं, बायको अडली म्हणून सुईणीला बोलवायला पळणाऱ्यावर पडतं. त्यांना ते वाट दाखवतं. चोराला तेच उघडं पाडतं. म्हणजे म्हणीचा भरवसा असा, की भीती हीच खूण; जो घाबरला तो चोर. ‘ज्याचं लपवण्यासारखं काही नाही त्याने कॅमेऱ्याला कशाला भ्यावं’ असं आज लोक म्हणतात, ते याच भरवशावर.

पण नाकाबंदीत पोलिसाने हात केला की काय होतं? लायसन्स खिशात असतं, पीयूसी असते, विमा भरलेला असतो, हेल्मेट डोक्यावर असतं. तरी छातीत धडधडतं. गाडी बाजूला घेताना आवाज उगाचच नरम होतो. दागिन्यांच्या दुकानातून काही न घेता बाहेर पडताना हात पर्सवरून आपोआप बाजूला होतात, उघडे दिसावेत म्हणून. चोर नसलेल्याच्या मनात हे चांदणं कुठून आलं? म्हण ज्या गावात जन्मली तिथे बघणारे शेजारीच असणार, आणि ज्याला बघितलं जातं तोही उद्या कुणाला तरी बघणार. बघणारा एकाच बाजूला उभा राहिला, की म्हणीचं गणित चुकत असावं.

आणि काही माणसांच्या वाट्याला तर अमावास्या कधी आलीच नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ मध्ये त्याचं जाळं देशभर पसरवलं. पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातींत जन्मणं हाच संशय ठरला. नोंद झालेल्याने पोलिसांकडे हजेरी लावायची, गाव सोडायचं तर पास घ्यायचा. सोलापुरात अशा कुटुंबांची सेटलमेंट होती, तारेच्या कुंपणातली. तिथलं मूल पाळण्यात असताना त्याने उद्या काय करायचं ते नोंदवहीत आधीच लिहिलेलं होतं. त्या वहीला फिंचच्या यंत्रासारखी शंकाही नव्हती. तिने निकालच देऊन ठेवला होता. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, आणि त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन वाचलं की लक्षात येतं, वही मिटली तरी वाचणारे तसेच राहिले होते. पाटी घेऊन शाळेत निघालेल्या मुलाच्याही मनात चांदणं.

म्हणूनच फिंचची मध्यरात्र मला दिलासा वाटायची. नको असलेली यादी पुसली जाते, एवढंच नाही. यंत्राची स्वतःची आठवणही रोज रात्री पुसली जावी अशी सोय त्याने केलेली असते. काल तुम्ही काय होतात यावरून आज ते तुम्हाला ओळखणार नाही. पण मालिका तिथे थांबत नाही. दुसऱ्या पर्वात कळतं, यंत्राने गुपचूप एक कंपनी काढलीय. पुसलं जाण्याआधी ते आपली आठवण कागदावर छापतं आणि तिथले पगारी कर्मचारी दुसऱ्या दिवशी ती सगळी पुन्हा टाइप करून त्याच्यात भरतात. रांगेने बसलेली माणसं, समोर कागदांचे गठ्ठे, आणि आपण काय टाइप करतोय याचा कुणालाच पत्ता नाही. तो प्रसंग बघताना मी यंत्राच्या बाजूने होते, त्याला विसरायला लावणं हा जुलूम वाटत होता. तीच मी सोलापूरच्या वहीने विसरावं म्हणून तळमळते.

आणि या पुसण्याची किंमत मोजली ती नेथनने. फिंचचा मित्र, भागीदार. पुसल्या जाणाऱ्या यादीतल्या लोकांना वाचवायला पहिल्यांदा तोच चोरवाट ठेवतो. फिंचला कळतं आणि तो ती वाट बंद करतो. फेरीच्या धक्क्यावर स्फोट होतो, नेथन जातो, फिंच कायमचा लंगडतो. त्या यादीत नेथनचाही नंबर होता, हे फिंचला नंतर कळतं.

माझा सगळा डोलारा न कळण्यावर उभा होता, तो शिकागोने हलवला. तिथल्या पोलिसांनी २०१३ च्या सुमारास खरोखरच अशी यादी केली. गोळीबारात सापडण्याचा धोका कुणाला जास्त, ते संगणकाने काढायचं. गोळी झाडणारा की गोळी लागणारा, ते यादीलाही माहीत नव्हतं. अगदी फिंचचंच यंत्र. एका तरुणाच्या दारात पोलीस आले, सोबत समाजसेवक. धोका आहे, आम्ही मदत करू, आमचं लक्ष आहे, असं सांगून गेले. गल्लीने एवढंच पाहिलं की पोलीस याच्याकडे येतात आणि याला न पकडता जातात. तो खबऱ्या ठरला आणि पुढे त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. रँड संस्थेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की यादीतल्या माणसांचा गोळीबाराचा धोका कमी झाला नाही, अटक होण्याची शक्यता मात्र वाढली. यादी पुढे बंद झाली.

मग मालिकेत आणि शिकागोत फरक कशात? रीस जातो म्हणून, असं म्हणावं तर इथेही कुणीतरी दारापर्यंत गेलंच होतं, आणि मदतीचीच भाषा बोललं होतं. फरक मला दिसतो तो एकच, आणि तो मला रुचत नाही. रीस चोरून जातो. शेजाऱ्यांना कळत नाही, बहुतेक वेळा ज्याचा नंबर त्यालाही शेवटपर्यंत कळत नाही. सरकारने पाळत ठेवली तर ती उघड असावी, ज्याच्यावर ठेवली त्याला सांगितलेलं असावं, असं मी नेहमी ठामपणे मानत आले. शिकागोत त्या तरुणाला सांगितलं होतं. आणि सांगितलं नसतं, तर सोलापूरच्या वहीपेक्षा ते काय वेगळं झालं असतं? त्या वहीतल्यांना तर आपलं नाव त्यात आहे हे रोज हजेरीला कळत होतं. कळण्याने तिथे काय साधलं?

उद्या माझा नंबर निघाला तर मला सांगावं की सांगू नये, हे मला ठरवता येत नाही. आधी वाटायचं, सांगावं.