शेवटच्या स्वरावरचा आघात

स्पॅनिशचा भविष्यकाळ सोपा असतो, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. कागदावर ते खरंही आहे. वर्तमानकाळात आर, एर, इर अशा शेवटांचे तीन गट वेगवेगळे चालवावे लागतात. इथे आब्लार (बोलणं), कोमेर (खाणं), बिबिर (राहणं) ही मूळ रूपं अख्खी ठेवायची आणि पुढे ए, आस, आ, एमोस, एइस, आन जोडायचं. आब्लारे, मी बोलेन. कोमेरास, तू खाशील. बिबिरान, ते राहतील.

नागपुरातल्या माझ्या वर्गात हे प्रत्यय मी घोकून घेत नाही, ते कुठून आले ते सांगते. लॅटिनमध्ये 'कांतारे हाबेओ' म्हणत, म्हणजे जवळपास आपलं 'मला गायचं आहे'. बोलता बोलता दोन्ही शब्द एकमेकांत मुरले. त्याच 'हाबेओ'वरून आलेल्या स्पॅनिशमधल्या 'आबेर'चा वर्तमानकाळ बघा: ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन. 'आबेइस'चा सुरुवातीचा तुकडा तेवढा गळाला. पोर्तुगीजच्या औपचारिक लेखनात तर या जोडात आजही सर्वनाम शिरतं.

खरी अडचण आघाताची. 'आब्लारा'त जोर शेवटच्या 'रा'वर दिला की 'तो बोलेल'. मधल्या 'ला'वर दिला की 'तो बोलला असता तर'च्या जातीचं रूप. मराठीत नुसत्या आघाताने अर्थ बदलत नाही, त्यामुळे कान तयार नसतो. त्यात मुलं वहीत उच्चार देवनागरीत लिहून ठेवतात आणि दोन्ही रूपं हुबेहूब एक दिसतात. ती वही मी आधी बंद करायला लावते.

आमच्या वऱ्हाडी-नागपुरी बोलीचा आणखी एक पेच आहे. 'मी येईन' तसं 'तो येईन'. 'पाऊस येईन काय?' यात कुणाला काही खटकत नाही, कारण कर्ता समोर असतो. स्पॅनिश माणूस कर्ता सहसा गाळतो. मग 'आब्लारे' की 'आब्लारा', मी की तो, हे सगळं त्या शेवटच्या स्वराने सांगायचं, आणि आमची मुलं नेमका तोच गिळतात.

एका बाबतीत मात्र मराठी माणूस आयताच पुढे असतो. 'के ओरा सेरा?' म्हणजे 'किती वाजले असतील?' 'सेरान लास त्रेस', तीन वाजले असतील. 'एस्तारा एन कासा', घरी असेल. भविष्याची रूपं, पण गोष्ट आत्ताची, अंदाजाची. इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं यावर वेगळा धडा खर्च करतात. आमच्याकडे 'असेल' म्हटलं की काम झालं. शिवाय लॅटिन अमेरिकेत रोजच्या बोलण्यात पुढच्या बेतांसाठी 'बोय आ आब्लार' (मी बोलणार आहे) हेच जास्त चालतं. मिहान या इथल्या उद्योगक्षेत्रातल्या कंपन्यांतून येणाऱ्यांना मेक्सिकोच्या माणसांशी बोलायचं असतं, त्यांना ते आधी लागतं. म्हणून हल्ली हा काळ मी अंदाजापासूनच सुरू करते. उद्याचे बेत आणि वचनं पुढच्या आठवड्यात.