कोऱ्या चौकटीतलं नाव

वंशावळ काढून मागायला येणारा माणूस बहुधा ती घेऊनच आलेला असतो. त्याला हवा असतो फक्त शिक्का. मूळपुरुष कुणा सरदाराच्या पदरी होते, पणजोबांच्या आजोबांना वतन मिळालं होतं, घराण्यातला कुणीतरी पानिपतावर पडला, ही प्रस्तावना आता मला तोंडपाठ झाली आहे. एखाद्या साध्या कुळाचा वंशज म्हणून अजून कुणी पायरी चढलेला नाही. मी ऐकून घेते, चहा देते आणि विचारते, आजीचं माहेरचं आडनाव काय? तिथे बहुतेकांची गाडी अडते.

या कामात नव्याने पडणाऱ्यांना शिकवताना मी आपल्याकडचं उदाहरण मुद्दामच घेत नाही. आपल्या घराण्यांची नावं आली की लोकांचा अभिमान नाहीतर राग आडवा येतो. मी ऑड्री हेपबर्नचा तक्ता काढायला लावते. 'रोमन हॉलिडे'तली राजकन्या सगळ्यांना माहीत असते, तिच्या घराण्याबद्दल कुणाला काही सोयरसुतक नसतं आणि लागणारी माहिती तिच्या चरित्रांतून छापून आलेली आहे. शिवाय या तक्त्याचा डावा आणि उजवा भाग इतके वेगळे निघतात की धडा आपोआप होतो.

आधी आईकडची बाजू घ्यावी. आई एला व्हान हेमस्ट्रा, जन्म 1900, आर्नहेमजवळच्या फेल्पमध्ये. तिचे वडील बॅरन आरनाउट व्हान हेमस्ट्रा 1910 ते 1920 आर्नहेमचे महापौर होते आणि 1921 ते 1928 सुरिनामचे गव्हर्नर. घराणं मूळ फ्रीसलंडचं. आजी एल्ब्रिग व्हान आस्बेक, तीही सरदार घराण्यातलीच. डच सरदार घराण्यांची छापील नोंदपुस्तकं लाल बांधणीत मिळतात, त्यामुळे पिढ्यांमागून पिढ्या नुसत्या उतरवून घ्यायच्या. ज्यांची नावं त्या लाल पुस्तकात नाहीत, त्यांच्यासाठी 1811 पासूनची नागरी नोंदणी आहे. डच विवाहनोंद म्हणजे आमच्या धंद्यातली मेजवानी. वधूवरांचं वय, जन्मगाव, धंदा, दोघांच्याही आईवडिलांची पूर्ण नावं, आणि मागे जोडपत्रांचा गठ्ठा, त्यात जन्मनोंदीचे उतारे. बाई जन्मापासून मृत्यूपर्यंत माहेरच्याच नावाने नोंदली जाते. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांमध्ये पुरुषांच्या ओळी सलग सापडतात, पण लग्नात नाव बदललेली सून कुठून आली हे शोधताना घाम फुटतो. डच नोंदी पाहिल्या की मला हेवा वाटतो.

थोडक्यात, डावी बाजू भरायला फार डोकं लागत नाही. विद्यार्थी खूश होतात. मग मी त्यांना वडिलांकडे वळवते.

जोसेफ व्हिक्टर अँथनी रस्टन. कागदावर ब्रिटिश प्रजाजन, पण जन्म 1889 चा, बोहेमियातल्या ऊझित्से गावचा. तेव्हा तिथे व्हिएन्नाच्या सम्राटाचं राज्य होतं आणि जर्मनमध्ये गावाला आउशित्झ म्हणत. बोहेमियात ऊझित्से नावाची गावं एकाहून जास्त आहेत, म्हणजे पहिला अडथळा नकाशावरच. वडील व्हिक्टर जॉन जॉर्ज रस्टन, यांच्यात इंग्रज आणि ऑस्ट्रियन दोन्ही धागे. आई आना वेल्स, ऑस्ट्रियन घरातली, पण जन्म कोवार्त्सेचा. हे गाव तेव्हा हंगेरीच्या राज्यात होतं, आज स्लोव्हाकियात आहे. एका माणसाच्या दोन पिढ्यांसाठी तीन देशांच्या दफ्तरांची दारं ठोठवायची. पुढे हाच माणूस डच ईस्ट इंडीजमध्ये दिसतो. 1923-24 च्या सुमारास सेमारांगला ब्रिटनचा मानद वाणिज्यदूत. एका श्रीमंत डच बाईशी लग्न, ते मोडल्यावर सप्टेंबर 1926 मध्ये बटाव्हियात एलाशी दुसरं. एलाचंही ते दुसरंच. पहिल्या लग्नाचे दोन मुलगे बरोबर.

त्याच्या जन्मनोंदीसाठी व्हिएन्नाच्या त्या हॅब्सबर्ग राज्यातली चर्चची जन्मपुस्तकं उघडली की नवख्याचा जीव दडपतो. 1784 च्या हुकमानंतर त्यात रकाने आले: तारीख, घर क्रमांक, नाव, धर्म, मुलगा की मुलगी, औरस की अनौरस, आईबाप, धर्मपिता आणि धर्ममाता, सुईण. लिपी कुरेंट, म्हणजे जुनी जर्मन हस्तलिपी. तिच्यात e आणि n इतके सारखे की आडनाव वाचताना चार शक्यता उभ्या राहतात. U ओळखायचा तो डोक्यावरच्या बाकदार रेघेवरून. मी आडनावाच्या नादी लागत नाही, घर क्रमांक धरते. पाद्री बदलला की आडनावाचं स्पेलिंग बदलतं, घराचा आकडा सहसा बदलत नाही. त्याच आकड्यावर पाच-सात वर्षांतली बाळं गोळा केली की कुटुंब उभं राहतं. धर्मपित्याचा धंदा लिहिलेला असला तर घराची ऐपतही कळते. गिरणीवाला उभा होता की जहागीरदाराचा कारभारी, यावरून पुढे कुठल्या दफ्तरात शिरायचं ते ठरतं.

आता हेपबर्न. मुलीचा जन्म 4 मे 1929 चा, ब्रुसेल्सच्या इक्सेल भागातला. नाव ऑड्री कॅथलीन रस्टन. हेपबर्न नाहीच. ते वडिलांनी नंतर स्वतःच्या आडनावाला जोडलं. स्कॉटलंडच्या राणी मेरीचा तिसरा नवरा, बॉथवेलचा अर्ल जेम्स हेपबर्न, आपला पूर्वज आहे असा त्यांचा समज होता. चरित्रकारांनी तो चुकीचा ठरवला आहे. एलाच्या आग्रहामुळे नाव जोडलं असावं, असंही लिहिलं गेलंय. मला यात नवल वाटत नाही. बायकोची बाजू महापौर, गव्हर्नर, बॅरन यांनी गच्च भरलेली. नवऱ्याच्या बाजूला बोहेमियातलं एक गाव आणि पुढे कोरं. कोऱ्या चौकटीत दंतकथा शिरते, भरलेल्या चौकटीत तिला जागाच नसते. मी पाहिलेल्या बहुतेक बनावट पूर्वजांचा पत्ता नेमका कागद संपतो तिथलाच आहे.

ही दंतकथा तर तपासायलाही सोपी. मेरी आणि बॉथवेलचं लग्न 15 मे 1567 ला झालं. त्याच उन्हाळ्यात ती लॉकलेव्हनच्या किल्ल्यात कैद असताना तिचा जुळ्यांचा गर्भ पडला. बॉथवेल 1578 मध्ये डेन्मार्कच्या ड्रॅग्सहोम किल्ल्यात कैदेतच मेला, मागे औरस संतती नाही. ज्याचा औरस वंशच चालला नाही, त्याला मूळपुरुष करण्याआधी कुणीतरी एवढं पाहायला हवं होतं. पण पाहायचंच नसतं ना! कागद ज्यांच्याकडे जमीन होती त्यांचे राहतात. म्हणून मिश्र घराण्याचा कुठलाही तक्ता आहे त्याहून खानदानी दिसतो, आणि शिकाऊ लोक त्यालाच वंश समजून बसतात.

पुढचा प्रश्न ठरलेला: मग ती किती टक्के कोण? अर्धी डच, पाव इंग्रज, पाव ऑस्ट्रियन अशी उत्तरं छापलेली आढळतात. हा अपूर्णांक मला पटत नाही. बोहेमियात जन्मलेल्या ब्रिटिश प्रजाजनाला यात कुठे बसवायचं? कागद सांगतो ते एवढंच, की मूल कुठल्या चर्चमध्ये नेलं आणि कुठल्या राजाची प्रजा म्हणून लिहिलं. लिहिल्याचे परिणाम मात्र खरे असतात. वडिलांमुळे ऑड्री ब्रिटिश ठरली. ते 1935 मध्ये घर सोडून गेले. 1939 मध्ये युद्ध पेटल्यावर आईने तिला इंग्लंडमधल्या शाळेतून काढून आर्नहेमला आणलं. नेदरलंड्स पहिल्या महायुद्धातल्यासारखंच तटस्थ राहील ही आशा. मे 1940 मध्ये जर्मन घुसले आणि इंग्रजी वळणाचं ते नाव धोक्याचं झालं. तिचं एडा व्हान हेमस्ट्रा हे नाव पुढे आलं ते या दिवसांतलं म्हणून. कित्येकांनी मग तेच जन्मनाव म्हणून छापलं. मावशीचे यजमान ऑटो व्हान लिम्बुर्ग स्टिरम यांना जर्मनांनी ओलीस धरलं आणि 15 ऑगस्ट 1942 ला गोळ्या घातल्या. सरदारकीचा कागद तिथे कामाला आला नाही.

वडील तिला 1960 च्या दशकात रेडक्रॉसमार्फत डब्लिनमध्ये सापडले. ते 1980 मध्ये वारले, तोवर ती त्यांना पैसे पाठवत राहिली. रस्टन हे खरं पितृनाम रंगभूमीवर येताना गळलं आणि जोडलेलं तेवढं पडद्यावर गेलं.

तक्त्यात हे कसं मांडायचं यावर वर्गात दरवेळी वाद होतो. माझी पद्धत अशी: वडिलांच्या चौकटीत शाईने रस्टन, बाजूला बारीक अक्षरात 'हेपबर्न, नंतर जोडलेलं'. त्यांच्या वर स्कॉटलंडकडे जाणारी एकही रेघ नाही, तुटक सुद्धा नाही. खाली मात्र रेघ पक्की येते, कारण 1960 मध्ये जन्मलेला ऑड्रीचा थोरला मुलगा शॉन हेपबर्न फेरर आहे. त्याला ते नाव आईकडून मिळालंय, आणि एवढी नोंद करायला बॉथवेल लागत नाही.