डोलकाठीचे टोक

शिडाची होडी म्हटली की लोकांना शीड दिसते. मला दिसते डोलकाठीच्या टोकावरची कप्पी. शीड चढवणारा दोर झिजतो तो तिथेच. हाताशी येणारा भाग धडधाकट, अन् कप्पीवर वळतो तेवढी वीतभर जागा पिंजलेली! नायलॉन ताणाने लांबते, म्हणून आमच्या जुन्या होडीला पॉलिएस्टरचा दोर आणला. त्याचे टोक जुन्याच्या टोकाला शिवून हलके ओढून घेतले. गाठ मारली तर ती वर अडकते. पण कप्पीचे चाक शाबूत आहे का, हे खालून कसे कळणार? माणूसच वर चढवावा लागतो, आणि तोही दोरानेच.

धाकटा भाऊ निघाला. "दादा, एक दोर पुरे," म्हणाला. मी दुसऱ्या कप्पीवरचा दोरही त्याच्या पट्ट्याला बांधलाच. वरून तो ओरडला, "चाकाला धारदार खाच पडलीय!" आणि तो चढला होता त्याच चाकावरच्या दोराने.