बोर्ड गेला म्हणण्याआधी

सांगोल्याकडे आमची डाळिंबाची बाग आहे. ठिबकचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला-बंद करायला पुतण्याने अर्डुइनो उनो बोर्ड बसवून दिला होता. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. म्हणून बोर्डाला १२ व्होल्टची, ७ एएचची बॅटरी होती. सगळा पसारा मोटारीच्या खोलीत, पत्र्याच्या पेटीत.

स्टार्टरच्या कामाला वायरमन आला होता. पेटीतून वायर ओढताना त्याच्या हातून एक बारका वायसर निसटला आणि घरंगळत बोर्डाखाली गेला. टक् असा आवाज झाला, जळका वास आला आणि बोर्डावरचा हिरवा दिवा विझला. मी पटकन बॅटरीची वायर काढली. पेटी कलंडवल्यावर वायसर बाहेर पडला. त्याची एक कड काळी पडली होती.

तालुक्याच्या दुकानात फोन केला. "शॉर्ट झालाय ना? मग नवाच घ्या," असं उत्तर मिळालं. बोर्ड तसा महाग नाही. पण तो येईपर्यंत रात्री उठून व्हॉल्व्ह फिरवायला जायचं माझ्या जिवावर आलं होतं. म्हणून पुतण्याला व्हिडिओ कॉल लावला.

त्याने पहिल्यांदा हेच सांगितलं, "काका, आधी लॅपटॉपला जोडू नका. मीटर लावा." बोर्डच शॉर्ट असेल तर लॅपटॉपच्या यूएसबीलाही फटका बसू शकतो. मीटर बीपवर ठेवून ५ व्होल्ट आणि जीएनडीच्या मध्ये लावला. आवाज नाही. व्हीआयएन आणि जीएनडीच्या मध्येही नाही. म्हणजे आता कुठे शॉर्ट उरला नव्हता. मग मोबाईलच्या जुन्या चार्जरवर बोर्ड लावला. हिरवा दिवा लागला! व्हॉल्व्ह चालवणारे रिलेही नेहमीसारखे कटकट वाजले. चिप शाबूत होती, प्रोग्रामही जागेवर होता. बॅटरी लावली की मात्र पुन्हा मेल्यासारखा.

अर्डुइनोचं सर्किट सगळ्यांसाठी खुलं आहे, कुणालाही पाहता येतं. पुतण्याने ते समोर ठेवून मला बॅटरीपासून पुढे पुढे मोजायला लावलं. बॅटरीवर १२.६ व्होल्ट. जॅकच्या टाक्यावर तेवढेच. त्याच्या शेजारी 'एम७' असं छापलेला काळा चौकोनी डायोड असतो. त्याच्या अलीकडे १२.६, पलीकडे शून्य. बॅटरी काढली आणि मीटर डायोडवर ठेवून दोन्ही बाजूंनी लावून पाहिला. दोन्हीकडून 'ओएल'. चांगला डायोड एका बाजूने साधारण ०.६ दाखवतो. भिंग धरल्यावर त्याच्या पाठीवर केसाएवढी चीर दिसली.

काय झालं ते मग समजलं. व्हीआयएन आणि जीएनडीच्या पिना शेजारी-शेजारी आहेत, मध्ये अडीच मिलिमीटरच अंतर. बोर्डाच्या खालच्या टाक्यांवर वायसर आडवा पडला आणि बॅटरीचा सगळा करंट डायोडमधून थेट जमिनीला गेला. हा डायोड १ अँपिअरचा. ७ एएचची बॅटरी शॉर्टमध्ये त्याच्या कितीतरी पट करंट देते. यूएसबीच्या वाटेवर ५०० मिलीअँपिअरचा, आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज असतो. जॅकच्या वाटेवर तसा काहीच नसतो. पुढचा रेग्युलेटर आणि चिप मात्र या फटक्यातून वाचले.

एम७ म्हणजे आपला नेहमीचा १एन४००७, फक्त चपट्या रूपात. लांब पायांचा १एन४००७ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे अगदी किरकोळ पैशांत मिळतो. २५ वॅटच्या आयर्नने जुन्या डायोडच्या दोन्ही टोकांना भरपूर सोल्डर लावलं आणि आलटून पालटून तापवलं. तो सरकून निघाला. चिमट्याने ओढायचं नाही, बोर्डावरचं तांबं उखडतं. जागा साफ करून नव्याचे पाय वाकवून, छाटून टाके दिले. पांढऱ्या पट्टीची बाजू व्हीआयएनकडे, जॅककडे नाही. उलटा लावला तर बोर्ड चालूच होणार नाही. माझे टाके काही देखणे नव्हते, पण घट्ट होते. वर गरम गोंदाचा थेंब टाकला.

लगेच मोठी बॅटरी लावली नाही. आधी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली. काही चुकलं असतं तरी ती फार करंट देऊ शकत नाही. ५ व्होल्टच्या पिनेवर ४.९८ दिसले, म्हणजे रेग्युलेटरही ठीक. मगच मोठी बॅटरी जोडली. तरी जोडताना तोंड बाजूला वळवलं होतं.

त्यानंतर पेटीत तीन बदल केले. बोर्डाकडे जाणाऱ्या लाल वायरवर, बॅटरीच्या अगदी जवळ, १ अँपिअरचा काचेचा फ्यूज. बोर्डाखाली प्लॅस्टिकच्या पट्टीचा तुकडा आणि उंच खुंट्या. आणि रिलेंसाठी वेगळा ५ व्होल्टचा कन्व्हर्टर. कारण १२ व्होल्टवर रिले ओढताना बोर्डावरचा रेग्युलेटर हाताला चटका बसेल इतका तापत होता. हे मोजताना कळलं, नाहीतर पुढचा नंबर त्याचाच होता.

तुमच्याकडेही असं झालं तर दुकानात जायच्या आधी बोर्ड फोनच्या चार्जरवर लावून पाहा, पण त्याच्याही आधी मीटरचं बीप. यूएसबीवर चालतो आणि बॅटरीवर नाही, असं दिसलं तर पहिला संशय जॅकशेजारच्या डायोडवर घ्या.