वेळापत्रकातली रिकामी दुपार

मधुचंद्राची तारीख नवरा-नवरी ठरवतात हा गैरसमज आहे. ती पंचांग ठरवतं. तुळशीचं लग्न लागेपर्यंत मुहूर्त नाही, आणि ते लागलं की कार्यालय मिळत नाही. भाचीला मुहूर्त मिळाला डिसेंबरातला, आणि दोघांना जायचंय इटलीला. “थंडीत कुठे कडमडायला जाताय?” ताईचा पहिला प्रश्न. मी मात्र डिसेंबराच्या बाजूने. उन्हाळ्यात व्हेनिसच्या गल्ल्यांतून माणसाला माणूस घासून चालतं. हिवाळ्यात त्याच गल्ल्या मोकळा श्वास घेतात. साडेचारच्या सुमारास अंधारून येतं हे खरं, पण नुकतंच लग्न झालेल्यांची त्याबद्दल तक्रार असू नये.

जावईबापू संगणकवाले. त्यांनी तक्ताच पाठवला: रोम, सिएना, पिसा, फ्लॉरेन्स, वेरोना, मिलान, व्हेनिस. प्रत्येक शहराला वेगळा रंग, प्रत्येक तासाला एक स्थळ. एका दिवसात पाच घरची केळवणं उरकावीत तसा सगळा बेत. दोघं एकमेकांशी निवांत बोलणार कधी, ती चौकट काही मला सापडली नाही.

मग काटाकाटी सुरू झाली. पिसा आधी गेलं. मिलानची हळहळ कुणालाच वाटली नाही. वेरोनावर भाची अडली, कारण ज्युलिएटची बाल्कनी. घर जुनं आहे, पण ती बाल्कनी विसाव्या शतकात बसवलेली, आणि ज्युलिएट तर नाटकातली. वेरोनात खरं बघावं ते पहिल्या शतकातलं रोमन रंगमंडल, जिथे उन्हाळ्यात अजून ऑपेरा रंगतात. पण ही मंडळी जाणार डिसेंबरात. सिएना काटताना माझाही हात थांबला. आणि रोम? रोमला आठवडा द्यावा, नाहीतर लांबून नमस्कार करावा. उरली दोन शहरं, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस. मध्ये वेगवान गाडीने दोन-सव्वादोन तास.

फ्लॉरेन्समध्ये कॅथीड्रलवरचा ब्रुनेलेस्कीचा घुमट चुकवू नये. 1420 ते 1436 अशी सोळा वर्षं तो उभारत होते, तोही जमिनीपासून लाकडी आधार न देता. घुमटाला दोन कवचं आहेत, एकात एक, आणि वर जाणारा जिना त्या दोन कवचांमधून चढतो. पायऱ्या 463, लिफ्ट नाही. वाट इतकी अरुंद की हातात हात घालून चालता येत नाही. एकाने पुढे, दुसऱ्याने मागे. भिंत आतल्या बाजूला कलत जाते, उंच माणसाला मान तिरकी करावी लागते, आणि मध्येच एखाद्या झरोक्यातून लाल कौलांचा तुकडा दिसतो. वेळ ठरवूनच तिकीट मिळतं, तेव्हा ते आधी काढावं.

सोमवारी उफिझी संग्रहालय बंद असतं. तो दिवस कशानेही भरू नका, असं मी सांगितलं. वाटलंच तर आर्नो नदीच्या काठाने पश्चिमेला, कास्चिने बागेच्या पार टोकाला चालत जा. तिथे मुन्योने नदी आर्नोला मिळते आणि संगमावर एक छत्री उभी आहे. छत्रीखाली फेटा बांधलेला, रंगवलेला अर्धपुतळा आहे कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचा. इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये ते वारले. वय अवघं वीस. दहन आपल्या रीतीने, नदीकाठीच झालं. छत्री 1874 ची. जवळच्या पुलालाही लोक ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात, ते त्यांच्यामुळेच.

“मधुचंद्राला स्मारकं बघायला कोण जातं?” ताई. अगं, तिथल्याच सांता क्रोचे चर्चमध्ये मायकेलँजेलो आणि गॅलिलिओ यांची थडगी तिकीट काढून बघतातच की! आणि तू स्वतः गोव्याला गेली होतीस तेव्हा सेंट झेवियरच्या कबरीसमोर फोटो काढलास. ती कबर फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीने घडवली, टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने भेट म्हणून धाडली आणि 1698 मध्ये जुन्या गोव्यात बसली. म्हणजे फ्लॉरेन्सचं काम तू लेकीच्या आधीच बघितलंयस. यावर ताई गप्प झाली. भावजींनी मात्र, मग एवढा खर्च कशाला, असा प्रश्न काढला.

व्हेनिसला विमानाने नव्हे, रेल्वेने जावं. सांता लुचिया स्टेशनच्या पायऱ्या उतरल्या की समोर रस्ताच नाही, थेट मोठा कालवा. पण लग्नात मिळालेली ती अवाढव्य बॅग घरीच ठेवा. तिथल्या पुलांना पायऱ्या असतात आणि चाकांचा तिथे काही उपयोग नाही. गोंडोला महाग. हौस असेल तर बसावं, पण ट्रॅगेटोने कालवा ओलांडण्यातही मजा आहे. नाव गोंडोलाचीच, भाडं अगदी थोडं, शेजारी बाजाराची पिशवी घेतलेली गावातली बाई. भरतीचं पाणी चौकात शिरण्याचे दिवसही हेच. 2020 पासून समुद्राच्या तोंडाशी अडथळे उभे करतात, तरी जाड तळव्याचे बूट हवेत.

बाकी जेवणाखाणाचं त्यांचं ते बघतील. शाकाहारी असाल तर एवढं ध्यानात ठेवा की अस्सल पार्मेझानमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं.

आणि अशाच बेतात असणाऱ्या सगळ्यांना एक सांगणं: लग्नानंतर आडनाव बदलायचं असेल तर परत आल्यावर बदला. व्हिसा आणि विमानाचं तिकीट पासपोर्टवर जे नाव आहे त्याच नावाने काढा.